सशाचे कान

७ फेब्रुवारी १९५७

आज पुन्हा तेच! सून म्हणते, कुंदाला ऐकू येत नाही. माझ्या नातीला! जेवायला बसलो होतो, घास हातात, आणि शेवंती दशरथला सांगते — मी समोर आहे, मी जणू भिंत आहे — "अहो, एकदा मोठ्या इस्पितळात दाखवू या. चैत्रात तीन वर्षांची होईल, अजून आई म्हणत नाही."

म्हणत नाही म्हणजे ऐकत नाही? हा दशरथ तरी कुठे लवकर बोलला! याच्या आईने वेखंड उगाळून जिभेला लावलं तेव्हा कुठे तोंड उघडलं. आता लेथवर काम करतो आणि युनियनच्या सभेत भाषणं देतो.

मी घास खाली ठेवला. कुंदा मोरीपाशी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं तशी म्हटलं, "कुंदे, तांब्या आण." आणला! सांडत सांडत, पण आणला. "ठेव." ठेवला. "बस." बसली.

दशरथ हसला. म्हणाला, "आबांचं ऐकते की गं!"

झालं. विषय संपला. शेवंती भांडी आपटायला लागली. मला आवाज कमी आला, पण तोंडावरून कळतं. गिरणीत कापड विणायच्या साच्यांच्या खडखडाटात जन्म गेला, माणसाचं तोंड मला वाचता येतं. कान माझे चांगले आहेत. हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात, त्याला मी काय करू?

१० फेब्रुवारी, रविवार

दशरथला सुट्टी. सगळे बसने आरे कॉलनीत गेलो. म्हशी बघायच्या म्हणून गेलो, पण कुंदाने म्हशींकडे ढुंकून पाहिलं नाही. एका गवळ्याच्या खोपटापाशी तारेच्या खुराड्यात पांढरे ससे होते. तिथे जी बसली ती बसली. ससा नाक हलवी, ही नाक हलवी. ससा कान पाडी, ही मान पाडी. उचलून निघालो तर असं भोकाड पसरलं की रस्त्याने जाणारे थांबले. मुकी म्हणे! या आवाजाला मुकी म्हणतात?

मी म्हटलं, एक ससा घेऊ या. शेवंती — "आणि लेंड्या कोण काढणार, मामंजी? तुम्ही?"

बरं. जिवंत नको. पण पोर रडत घरी आली, रडत झोपली. ससा तिला मिळणार. मी करून देणार. कापडाचा नको, चिंध्यांचा नको. मऊ हवा, तसाच.

१२ फेब्रुवारी

चाळीच्या टोकाच्या खोलीत जयंतीबाई राहतात. शाळेत शिकवतात. त्यांचा भाऊ दिल्लीला, त्याला दर वर्षी स्वेटर विणून पाठवतात. गेलो आणि म्हटलं, मला शिकवा. बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

"काशीरामकाका, तुम्ही? लोकर?"

"का? गिरणीत हजारो पुरुष कापड विणतात. त्यांना हसायला जाता का?"

मग चष्मा चढवला. उरलेली पांढरी लोकर दिली, दोन सुया दिल्या.

पण हे काय विणणं! ताणा नाही, बाणा नाही. एकच धागा, आपल्याच गळ्यात अडकवत जायचा. एक टाका निसटला की खालपर्यंत सगळं उसवतं. साच्यावर असलं कापड निघालं असतं तर खात्यावरच्या मुकादमाने, जॉबरने, माझ्या तोंडावर फेकलं असतं. सुलट, उलट, सुलट, उलट — माझं डोकं उलट झालं!

१३ फेब्रुवारी

पुन्हा टाके पडले. सुया कोपऱ्यात फेकल्या. कुंदाने उचलून आणून दिल्या. कोणी सांगितलं नव्हतं.

१७ फेब्रुवारी

ओट्यावर बसून विणत होतो. समोरची रुक्मिणी तांदूळ निवडत होती. हिला तांदळातले खडे कमी, माणसांतले जास्त दिसतात.

"आबा, स्वेटर कोणाला? म्हातारीला वर थंडी वाजते काय?"

म्हटलं, "तुझ्या जिभेला टोपी विणतोय."

सगळा ओटा हसला. तिला राग यायला हवा होता, तर तीच मोठ्याने हसली. वर म्हणते, "बरं झालं बाई, आबांचे हात कामाला लागले. नाहीतर आबा बोलतात की माश्या मारतात, कळत नाही."

म्हणजे काय? मी माश्या मारतो? मी नीट, स्वच्छ बोलतो. घरी येऊन दशरथला विचारलं, मी माश्या मारतो का रे? तो "जाऊ दे ना आबा" म्हणाला. जाऊ दे काय! म्हातारा झालो म्हणून कोणीही काहीही म्हणावं?

२१ फेब्रुवारी

निवडणुकीची मोटार आली. छपरावर दोन भोंगे. आमच्या दारातच उभी राहून अर्धा तास ओरडत होती. पोरंटोरं धावली, बायका धावल्या, शेवंतीच्या हातचं पीठ तसंच. माझ्यासुद्धा कानांना दडे बसले. एक कुंदा तेवढी जागची हलली नाही. लोकरीचा गुंडा घरंगळवत बसली होती. विमानं डोक्यावरून जातात सांताक्रूझला, घरातली भांडी थरथरतात, तरी ही वर बघत नाही. धीट पोर! भोंग्यांमागे धावणाऱ्यांतली नाही.

हे मी शेवंतीला म्हटलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं! आणि परत पीठ मळायला बसली. त्यापेक्षा बोललेली बरी.

२४ फेब्रुवारी

सशाचं अंग झालं. जयंतीबाई म्हणाल्या, बरं आहे. बरं! मी रात्रंदिवस डोळे फोडतो आणि बरं!

पण आजची गोष्ट वेगळी आहे. विणता विणता कुंदाला म्हटलं, "पाणी आण." समोर बसलेली. आणलं नाही. पुन्हा म्हटलं. माझ्या सुयांकडे बघत राहिली. पुन्हा म्हटलं, मोठ्याने. ढिम्म! शेवटी सुया खाली टाकल्या आणि चांगला रागावलो. तर उठली आणि लगेच आणलं. म्हणजे कळत होतं सगळं. नखरे! एवढीशी पोर आणि आजोबांशी नखरे! हे कोणाचं शिकवणं आहे ते मला माहीत आहे.

१ मार्च

शेवंतीने आज कुंदाच्या पाठीमागे जाऊन थाळी वाजवली. उलथन्याने, धाडकन. कुंदा वळली नाही. शेवंतीने दशरथकडे पाहिलं, दशरथने माझ्याकडे.

ही काय परीक्षा झाली? या घरात सकाळपासून भांडी आपटतात. रोज आपटणाऱ्या भांड्याला कोण वळून बघतं? मीही वळत नाही. मग मलाही इस्पितळात न्या!

हे मी बोललो तर शेवंती म्हणते, "मामंजी, नुसते ओठ हलवू नका, काही ऐकू येत नाही."

एक दिवस म्हणतात, आबा केवढ्याने ओरडता. दुसऱ्या दिवशी म्हणतात, आवाज काढा. माणसाने करावं काय?

वेखंड आणलं आहे. मध घालून चाटवतो रोज. कुंदा तोंड वाकडं करते आणि थुंकते. आजीसारखीच.

६ मार्च

पोर बिघडली. ओट्यावर विणायला बसलो की माझा एक शब्द ऐकत नाही. इकडे ये — नाही. तिकडे जाऊ नको — जाते. पूर्वी माझ्या एका शब्दावर उठायची, बसायची! महिन्याभरात एवढा फरक आपोआप पडतो का?

आज सरळ विचारलं शेवंतीला. म्हटलं, "तूच शिकवतेस तिला, आबांचं ऐकू नको म्हणून. म्हणजे तुझं खरं होईल."

दशरथ म्हणाला, "आबा, पुरे."

शेवंती रडली नाही. मला वाटलं रडेल. पदराला हात पुसले आणि म्हणाली, "तिला ऐकायला येत असेल तर चाळीत पहिले पेढे मी वाटीन. मी तुमची वैरीण नाही, मामंजी. मी तिची आई आहे. मी स्वयंपाकघरातून हाक मारते, कोणी येत नाही. रोज हाक मारते."

मी सुया उचलून ओट्यावर गेलो. आत्ता लिहिताना उत्तर सुचतं आहे. लिहीत नाही.

१० मार्च, रविवार



लोकर संपली होती. जयंतीबाईंनी नवी लडी आणली. ती माझ्या दोन्ही हातांत अडकवली आणि त्या समोर बसून गुंडा करत होत्या. कुंदा ओट्याखाली उतरली. तिथून थेट रस्ता, आणि मरोळच्या खाणीतल्या खडीच्या लॉऱ्या त्या रस्त्याने येतात — भरधाव, कोणाच्या बापाचं भय नाही!

कुंदा रस्त्याकडे चालली. लॉरी भोंगा वाजवत येत होती. मी ओरडलो, "थांब!" तिने वळून पाहिलं. माझ्याकडे पाहिलं! पुन्हा ओरडलो, "थांब, कुंदे! मागे हो!" तर हसली. हसली आणि पुढे गेली.

रुक्मिणी धावली. फ्रॉकला धरून मागे ओढलं. लॉरी गेली, धुळीत दोघी दिसेनात. रुक्मिणी पोर घेऊन आली ती माझ्यावरच — "आबा, नुसते ओरडता काय? उठा की!"

हातात लडी होती. कसा उठणार? ड्रायव्हरला शिव्या दिल्या, तो गेला होता. मग कुंदाला मारलं. गालावर. मी हिला कधी मारलं नव्हतं. वळून बघते, ऐकते, हसते आणि तरी जाते! याला काय म्हणायचं? मेली असती!

ती रडलीही नाही आधी. माझ्या हाताकडे बघत राहिली. मग रडली.

संध्याकाळी दशरथ म्हणाला, पुढच्या महिन्यात पाळी बदलली की इस्पितळात नेऊ. माझ्याकडे न बघता म्हणाला.

११ मार्च

कुंदा माझ्याजवळ येत नाही.

१५ मार्च

ससा पुरा करायचाच. राग राग आहे, ससा ससा आहे.

आत भरायला सावरीचा कापूस मिळाला, गेल्या वर्षीचा, एका फेरीवाल्याकडे. हलका, पाखरासारखा. गिरणीतला कचरा-कापूस मी मेलो तरी भरणार नाही. ज्याच्या धुळीने निम्मं खातं खोकतं, ते माझ्या नातीच्या उशाशी?

डोळ्यांना गुंजा लावल्या. लाल, काळा ठिपका, अगदी जिवंत! तर जयंतीबाई ओरडल्या, "काका, गुंज विषारी! पोरगी तोंडात घालेल!" आता गुंज विषारी. सोनार जन्मभर गुंजेवर सोनं तोलतात, ते नाही मेले! तरी काढल्या. माझ्या गिरणीच्या जुन्या सदऱ्याची दोन बटणं लावली. ससा जरा चकित झाल्यासारखा दिसतो.

कान राहिले.

२० मार्च

ससा झाला!

एक कान जरा लांब झाला आहे. रुक्मिणी म्हणते, गाढव. तिच्या सात पिढ्यांत कोणी ससा पाहिला असेल तर शपथ. जयंतीबाईंनी हातात घेतला, उलटापालटा केला आणि म्हणाल्या, "काका, टाके माझ्यापेक्षा घट्ट आहेत." एवढं बोलायला महिना लागला बाईंना!

कुंदा उंबऱ्यात उभी होती. जवळ येईना. ससा तिच्याकडे केला. नाक हलवलं सशाचं. बघते, बघते — आणि तिचं नाक हललं! धावत आली. सशाला नाही, आधी मला मिठी.

आणि आता ऐका, किंवा वाचा, कोण वाचणार आहे म्हणा. दुपारपासून पोर पुन्हा माझं ऐकते! ये म्हटलं, आली. पाणी आण, आणलं. सशाला झोपव, झोपवलं. पहिल्यासारखी! म्हणजे सगळं रुसणं होतं. ससा कधी देतो म्हणून रुसली होती. आणि लोक म्हणतात बहिरी!

संध्याकाळी दशरथसमोर पुन्हा सगळं करून दाखवलं. तो बघत राहिला. म्हणाला, "मग इस्पितळाचं राहू द्या सध्या. एक दिवसाची रजाही वाचेल."

मी जिंकलो. शेवंती मोरीत जाऊन तोंड धूत होती. खूप वेळ धूत होती.

२४ मार्च

ससा घेऊन झोपते, ससा घेऊन जेवते. सशाला वेखंड चाटवते आणि सशाचं तोंड वाकडं करते. चाळीत माझी फजिती करणाऱ्यांनी यावं आणि बघावं. तीन घरांतून मागणी आली आहे. रुक्मिणीच्या घरातूनही! तिला म्हटलं, तुला गाढव करून देतो.

शेवंती माझ्याशी कामापुरतं बोलते. बोलू दे.

३१ मार्च, रविवार

धाकू आला होता परळहून. साच्याखात्यात माझ्या शेजारच्या साच्यांच्या जोडीवर असायचा. दात गेले, कान गेले, पण कपाळावर गंध लावून अजून तसाच ऐटीत. उद्याच्या पाडव्याच्या साखरेच्या गाठी आणल्या कुंदाला.

ओट्यावर बसलो. खूप बोललो. कोण मेला, कोणाचा मुलगा लागला, कोणता जॉबर आता देवळात कीर्तन ऐकतो. रुक्मिणीकडची पोरं आमच्याकडे बघून हसत होती. आता म्हाताऱ्यांनी बोलूही नये काय?

कुंदा मात्र आमच्या मधोमध बसली होती. याच्याकडे बघ, माझ्याकडे बघ, जसं काही सगळं कळतंय. तेवढ्यात ससा पुढे केला. त्याचा लांब कान सुटून लोंबत होता. आणि तिने दोन्ही हातांची पहिली बोटं एकमेकांना लावली आणि ताडकन् ओढून वेगळी केली.

धाकू मांडीवर थाप मारून हसला. "धागो तुटलो म्हणता! रे काश्या, धागो तुटलो म्हणता तुजी नात!"

खरंच. साच्यावर धागा तुटला की लांबच्या माणसाला आम्ही असंच सांगायचो. त्या खडखडाटात तोंडाचा काय उपयोग. मी हिला कधी शिकवलं नाही. शिकवलं असतं तर आठवलं असतं.

जेवताना धाकूने मला कुंदाकडे पाणी मागायला लावलं. मी म्हटलं, आणलं. भात वाढायला सांग म्हणाला. सांगितलं, ती आईला पदर ओढून घेऊन आली. धाकू इतका खूश! म्हणाला, "पोर साच्याखात्यात शोभात रे! आवाज नाय केलस तरी सगळा कळता तिका."

मी म्हटलं, "आवाज नाही कसा? मी बोललो की!"

"खय बोललस? होट हलयलस आणि हात हलयलस. मी बहिरो असलंय तरी माका दिसता."

"तुझे कान गेलेत म्हणून!"

"माजे गेले. सुनेक विचार."

मी शेवंतीला विचारलं नाही. ती भात वाढता वाढता थांबली होती, हातात डाव तसाच. तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे विचारलंच नाही. धाकूवर चिडलो. इतक्या वर्षांचा दोस्त, पाटावर बसून माझं मीठ खातो आणि म्हणतो मी बोललो नाही! तोही चिडला, लवकर गेला.

मी बोललो. "पाणी आण" म्हटलं. बोललोच ना?

फेब्रुवारीत ऐकत होती. मग मी सुया घेतल्या.

१ एप्रिल, पाडवा

गुढी उभारून झाल्यावर कुंदाला समोर बसवलं आणि माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. "तांब्या आण" म्हटलं. पुन्हा म्हटलं. मग असं ओरडलो की रुक्मिणी दारात आली आणि दशरथ आंघोळीतून धावत आला. कुंदा माझ्या तोंडाकडे बघत होती. मग इकडेतिकडे शोधू लागली. माझ्या मांडीखालून एक हात ओढून काढला, त्याची बोटं एकेक उघडली आणि त्याच्याकडे बघत बसली — आता बोल म्हणून.

लॉरीच्या दिवशी हाच हात लोकरीत होता.

शेवंतीला म्हटलं, उद्याच इस्पितळात जाऊ. मी येतो. पोर काय म्हणते ते डॉक्टरला सांगायला कोणीतरी हवं. आणि त्याने तोंडातून मुकी असा शब्द काढून तर बघावा! मुकी नाही ती. माझ्या खात्यातली आहे.